तीन ठिपके

माझ्या व्हिसावर धंदा लिहिलाय, पेंटर.
भिंतीला चुना मारणाऱ्यालाही तोच शब्द,
गेटच्या सळयांना लाल प्रायमर फासणाऱ्यालाही.
वेंगुर्ल्यात मी मैलाचे दगड रंगवायचो,
पतपेढीचे फळे, सलूनच्या काचा,
एकदा एका ट्रॉलरवर देवी सातेरीचं नाव,
बंदरात, हलत्या लाकडावर,
लाट खाली गेली की श्वास सोडायचा
असा.

इथे अजमानला, अल जुर्फच्या गल्ल्यांत
अरबी अक्षरं वाट्याला आली.
वाचता येत नाहीत. बारा वर्षं झाली, अजून नाहीत.
प्रिंट येते, चौकटी आखतो, मोजतो, उतरवतो.
आमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेली,
यांची जमिनीवर बैठक,
कुणी गुडघा वर करून, कुणी पाय पसरून.
हाताला ओला रंग लागू नये म्हणून
मी डावीकडूनच सुरू करतो,
म्हणजे वाचणारा जिथे थांबतो तिथून निघतो.
वाटेत कुठेतरी
आम्ही एकमेकांना ओलांडून जात असू.

जुलैत लेबर कॅम्पची टाकी आली.
स्टिकर कापायचं मशीन आहे आता, अर्ध्या तासात होतं,
पण टाकी गोल, पापुद्रे सुटलेली,
स्टिकर धरेना.
कुरियाकोस म्हणाला, जा तू, चाळीस दिरहम.

पहाटे चारला शिडी लावली.
आधी होडी, तिच्या पोटाखाली एक ठिपका.
मग एक कोयता, मग करवतीचे तीन दात,
मग दोन उंच काठ्या,
पुढे गळासारखं वळलेलं एक,
आणि एक पोट, सुरमईच्या पोटासारखं,
त्याची वरची रेघ मी एका दमात ओढली.
अशी रेघ वर्षातून एकदा येते.
हात आपला नसतो तेव्हा.

सात वाजता मागे सरून पाहिलं.
सगळं बसलं होतं. फक्त करवतीवरचे
तीन ठिपके
गुळावर माशा बसाव्यात तसे दिसत होते.
ओलेच होते. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसले.
मोकळं झालं.
खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

गोड्या पाण्याच्या टँकरचा इद्रीस आला, सुदानचा,
वाचलं, आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला.
काय लिहिलंय, मी विचारलं.
लिहायचं होतं, हे पाणी पिण्यायोग्य नाही.
तू लिहिलंस,
हे पाणी थव्यासाठी योग्य नाही.
कसला थवा?
पाखरांचा. आणखी कसला असतो?

वर, टाकीच्या गळक्या नळाला
चार साळुंक्या लटकून पीत होत्या.

राहू दे, तो म्हणाला, सगळ्यांना कळतंय.
मला राहू देता येईना.
पुन्हा शिडी चढलो. ऊन्ह पाठीला चिकटलेलं.
ब्रश चपटा धरून, एक गिरकी, एक गिरकी,
तिसरी जरा तिरकी गेली.
आता मला त्या माशा वाटेनात.
सुंदर वाटले का?
नाही. नसतील.
तिथे ते असायलाच हवेत असं वाटलं, एवढंच,
आणि सकाळचा तो मोकळेपणा
मला थोडा चोरीचा वाटला.
तरी तो मोकळेपणा मी विसरलेलो नाही.
दोन्ही खरं आहे. मला यातून सुटता आलेलं नाही.

इद्रीसने तेलाचा डबा आडवा कापला,
आपल्या टँकरचं पाणी त्यात ओतलं,
टाकीच्या सावलीत ठेवला.
उरलेल्या रंगात मी ब्रश बुडवला
आणि तो दुसरा शब्द डब्यावर लिहिला,
होडी, ठिपका, कोयता, करवत.
करवतीवर काही नाही.
या वेळी ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी ठिपक्यावर शीट पडली होती,
पांढरी, ठिपक्यापेक्षा मोठी.
मी फडकं काढलं, आणि
परत खिशात ठेवलं.